कोच फेरांटेची घोडचूक

शनिवार, १ ऑगस्ट १९८७. सकाळ.

हंगाम आजपासून सुरू. मला चाळिसावं लागलं, पण ते कागदावर. अंगाने मी तिशीतच आहे. डॉक्टर असं म्हणालेले नाहीत, पण मी त्यांना विचारलेलंही नाही.

संकल्प: बिअर बंद. तळलेले बटाटे बंद. रोज पहाटे पळणं. या वर्षी बार्लो क्रीकला करंडक आणून द्यायचा आणि मग वाटलं तर निवृत्त व्हायचं. वाटणार नाही.

आमच्या या हाताने फेकायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बाकीचे सगळे धावतात, ढकलतात, आपटतात. चेंडू कुठे जायचा ते एकच माणूस ठरवतो. क्वार्टरबॅक. बार्लो क्रीक रिव्हेटर्समध्ये सतरा वर्षं तो माणूस म्हणजे मी. गावातला पोलाद कारखाना बंद पडला, थिएटर बंद पडलं, डेल कोसिक चालू आहे.

माझ्या बायकोने, लोरेनने, न्याहारीला विचारलं, खांदा कसा आहे? म्हटलं, फर्स्ट क्लास. केस तिनेच विंचरून दिले. उजवा हात वर जायला सकाळी थोडा वेळ घेतो. चांगल्या इंजिनाला तापायला वेळ लागतोच.

रविवार, २ ऑगस्ट

हरलो. वारा फार होता. शिवाय चेंडू नवे, गुळगुळीत. पहिल्या सामन्यावरून काही ठरत नसतं.

एक बिअर घेतली. औषध म्हणून.

बुधवार, ५ ऑगस्ट

मागच्या अंगणात झाडाला टायर टांगलाय. त्यातून चेंडू आरपार घालायचा सराव. टायर जरा अलीकडच्या फांदीवर आणला. मागे ऊन डोळ्यांवर येतं. लोरेन खिडकीतून म्हणाली, ऊन तर तुझ्या पाठीमागून येतंय. म्हटलं, मागे जमीनही उताराची आहे. म्हणाली, असेल बाबा, तुझं अंगणच वाकडं.

तिला खेळातलं कळत नाही.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

मैदानावर सराव. मर्ल हड्नट आणि मी मागे थांबून जास्तीचा तास घातला. मर्ल माझा जोडीदार. मी फेकायचं, त्याने झेलायचं, इतकी वर्षं झाली की खुणा कराव्या लागत नाहीत. दिवसा तो लोकांच्या घरांना छतं बसवतो, त्यामुळे हात वर करून काम करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

आमचा हुकमी डाव म्हणजे मधला पास. मर्ल मैदानाच्या मधोमध आडवा पळतो आणि चेंडूकडे बघत हवेत उडी घेतो. त्या क्षणी त्याला दुसरं काही दिसत नाही. समोरून येणाऱ्या धटिंगणांना मात्र तो पुरता दिसतो. म्हणून चेंडू गोळीसारखा यावा लागतो. माझा येतो.

आज मर्ल म्हणाला, डेल, अलीकडे चेंडू पोस्टाने पाठवतोस का रे? सगळे हसले. मीही हसलो. मर्लच्या पायांचा वेग वाढला असणार, म्हणून त्याला बिचाऱ्याला तसं वाटतं. चाळिशीला आलेल्या माणसाने वेग वाढवणं ही साधी गोष्ट नाही. उद्या त्याचं कौतुक करायचं.

रविवार, ९ ऑगस्ट

हरलो. कौतुक करायचं राहिलं.

कोच फेरांटे म्हणाला, थोडे दिवस मधला पास नको. म्हटलं, मग जेवणात मीठही नको. तो म्हणाला, डेल, मी गंमत करत नाहीये. मीही करत नव्हतो.

पहाटे पळणं उद्यापासून.

रविवार, १६ ऑगस्ट

काल मर्लला लागलं.

शेवटची काही मिनिटं होती. आम्ही तीन गुणांनी मागे. कोचची खूण होती की चेंडू हातात घेऊन पळा. पण मैदानावर काय चाललंय हे मैदानावरच्या माणसाला जास्त कळतं. मी डाव बदलला. मधला पास.

मर्लने उडी जरा लवकर घेतली. त्यामुळे त्याला हवेत थांबावं लागलं. दोघे दोन बाजूंनी आले. आवाज झाला.

मग तो गवतावर होता आणि कोणीतरी ओरडत होतं, हेल्मेट काढू नका, डोकं हलवू नका. लोरेन मैदानात उतरून जोनीला, मर्लच्या बायकोला, कवेत धरून उभी होती. माझ्याकडे बघायला तिला सवड झाली नाही.

सामना सतरा-चौदा हरलो. मर्लच मैदानात नाही म्हटल्यावर शेवटचा डाव जमणार कसा?

मानेचा मणका. डॉक्टर जोनीला म्हणाले, नशीबवान आहे. जिवंत आहे, पाय हलताहेत. डावा हात अजून हलत नाही.

त्याने उडी जरा उशिरा घ्यायला हवी होती.

बुधवार, १९ ऑगस्ट

कोच फेरांटेने बोलावलं. तो पोटापाण्यासाठी नळदुरुस्ती करतो. एका बाईच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा होता, त्यामुळे मी सगळं बोललो ते त्याच्या बुटांशी.

बूट म्हणाले, शनिवारी केंट खेळेल. म्हटलं, किती वेळ? म्हणाले, पूर्ण सामना. म्हटलं, आणि पुढच्या शनिवारी? पान्ह्याचा आवाज थांबला. म्हणाले, डेल, ती बादली जरा इकडे सरकव.

सरकवली. डाव्या हाताने. दोन्ही हात वापरायची सवय असावी.

म्हणजे पुढच्या शनिवारचं अजून ठरलेलं नाही. निर्णय तात्पुरता आहे. गाव हे खपवून घेणार नाही.

केंट ओबर्ली म्हणजे बावीस वर्षांचं पोरगं. पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलतं. मला सर म्हणतं.

रविवार, २३ ऑगस्ट

केंट जिंकला. चौतीस-दहा. समोरचा संघ फारच दुबळा होता. वारा अजिबात नव्हता. अशा हवेत कोणीही जिंकेल.

मी बाकावर पूर्ण पोशाखात बसलो होतो, हेल्मेट घालून. तयार असलेलं बरं. दुसऱ्या अर्ध्यात शेजारचा म्हणाला, काढ ना ते, उकडत असेल. म्हटलं, सवय आहे.

सामना संपल्यावर केंट आला. म्हणाला, सर, तुमच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. म्हटलं, आहेच.

मर्लला भेटायला जायचं आहे. पण हॉस्पिटलात गर्दी करू नये. जखमी माणसाला विश्रांती लागते.

रविवार, ६ सप्टेंबर

केंट पुन्हा जिंकला. समोरचा संघ तसा चांगला होता, पण त्यांचा दिवस वाईट होता.

डायनरमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. अर्धं गाव म्हणतं, कोचने बरोबर केलं. उरलेलं अर्धं माझ्या बाजूने आहे. म्हणजे वेट्रेस, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तिचा नवरा. मी काम करतो त्या फर्निचरच्या दुकानातही परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, डेल, तुझ्याशिवाय मजा नाही. त्याला सोफा दाखवला. घेतला नाही, पण बोलला मनापासून.

मर्ल घरी आला म्हणे. घरी आलेल्या माणसाला पहिले काही दिवस घरच्यांसाठी सोडावेत.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

रेडिओवर आज विषय होता, कोचने क्वार्टरबॅक बदलला ते योग्य झालं का? श्रोत्यांना फोन करायला सांगितलं होतं. एक निःपक्षपाती नागरिक म्हणून मी केला. आवाज थोडा जाड केला. म्हटलं, कोसिकसारखा खेळाडू शंभर वर्षांत एकदा होतो, त्याचा अनुभव असा फेकून देणं म्हणजे करंटेपणा आहे. निवेदक म्हणाला, धन्यवाद, डेल. खांदा कसा आहे?

फोन ठेवला. माझ्यानंतर एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, त्याने खूप आनंद दिला आम्हाला, पण माझा भाचा त्या संघात आहे, आता मला सामना बघताना नखं खावी लागत नाहीत.

लोकांची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे.

गुरुवार, १७ सप्टेंबर

लोरेनने सरळच विचारलं, मर्लकडे कधी जाणार आहेस? म्हटलं, रविवारी. म्हणाली, कुठल्या?

टायर अजून जरा अलीकडे आणला. आता जवळजवळ प्रत्येक चेंडू आरपार जातो. हात सुधारतोय.

रविवार, २७ सप्टेंबर

मर्लकडे गेलो.

डोक्याभोवती लोखंडी कडं आहे. कवटीत स्क्रू पिळून बसवलेलं, आणि तिथून खाली छातीवरच्या चिलखतापर्यंत चार दांडे. मान तसूभर हलत नाही. मी खुर्ची बरोबर त्याच्यासमोर ओढली, नाहीतर त्याला मी दिसलोच नसतो.

मर्ल म्हणाला, आयुष्यभर छतांना स्क्रू मारले, आता छताने सूड घेतला. मी हसलो. तो हसला तेव्हा सगळा सांगाडा हलला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पुन्हा विनोद केला नाही.

डावा हात मांडीवर पडून होता. जोनी मधूनच आली, तो उचलून उशीवर ठेवला आणि गेली. त्यातली दोन बोटं आता हलतात म्हणाला. छतं बसवायचं काम संपलं, हे जोनी म्हणाली, स्वयंपाकघरातून.

बाहेर गवत नीट कापलेलं होतं. कोणी कापलं? केंटने. दर रविवारी येतो म्हणे, गवत कापतो, मर्लला स्ट्रॉने मिल्कशेक पाजतो. चमचेगिरी. संघात जागा पक्की करायचे हे जुने मार्ग आहेत.

निघताना मी सहज म्हटलं, मर्ल, त्या दिवशीचा चेंडू... मर्ल बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. दुसरीकडे बघायची त्याला सोयच नव्हती. मग म्हणाला, वारा होता रे, डेल. वाऱ्याने धरला चेंडू.

ऐकलंत? प्रत्यक्ष मर्ल म्हणाला.

जोनी दारापर्यंत आली. म्हणाली, तो काय वाटेल ते म्हणेल. तुला बरं वाटावं म्हणून तो मणका मोडल्याचंही नाकारेल. मी म्हटलं, जोनी, तू दमली आहेस. ती म्हणाली, हो, दमले आहे.

मंगळवार, २९ सप्टेंबर

कोचकडे गेलो. म्हटलं, आता पुरावा आहे, मर्ल स्वतः सांगतोय की वारा होता. मला माझी जागा परत दे.

कोचने मला तळघरात नेलं, प्रोजेक्टर लावला. त्या सामन्याची फिल्म. म्हणाला, धावफलकाच्या मागे झेंडा आहे तो बघ. झेंडा काठीला ओल्या फडक्यासारखा चिकटलेला होता.

मग चेंडू. मी फेकला. तो वर गेला. वरच होता. कोचने खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमाल परत ठेवला. चेंडू अजून हवेत होता. मर्ल त्याच्याखाली दोन्ही हात वर करून टांगल्यासारखा.

कोचने पुढचं दाखवलं नाही. यंत्र बंद केलं. म्हणाला, मी तुला त्याआधीच काढायला हवं होतं. तुझ्यासाठी थांबलो. ते रोज माझ्या डोक्यात येतं. तू केंटला शिकव, डेल. तुझ्या डोक्यात जे आहे ते या जिल्ह्यात कोणाकडे नाही. हात जाऊ दे, डोकं दे.

म्हटलं, हातासकट घेणार असशील तर सांग.

ती फिल्म हळू चालते. यंत्रं जुनी झाली की असं होतं. नवी घ्यायला हवीत.

रविवार, ११ ऑक्टोबर

केंट पुन्हा जिंकला. आता फक्त दोन सामने उरले. काय लिहायचं?

पळणं: पाऊस. खाणं: ठीक. खांदा: लोरेन म्हणते डॉक्टरला दाखव. दाखवून काय होणार, तो जुनं काहीतरी काढणार.

रविवार, १८ ऑक्टोबर

केंटचा घोटा मोडला!

वाईट झालं. पोरगा चांगला आहे. पण खेळ आहे, लागतंच.

संध्याकाळी कोचचा फोन आला. शेवटच्या सामन्यात जिंकलो तर करंडक आपला, दुसरा कोणी क्वार्टरबॅक नाही. एकच अट, मधला पास टाकायचा नाही. म्हटलं, बरं.

बरं म्हणजे ऐकलं. हो असं मी कुठे म्हटलं?

लोरेनला उचलून गोल फिरवावं असं वाटलं. डाव्या हाताने तेवढं जमत नाही. तिला नुसतंच सांगितलं. ती हातातली बशी पुसत राहिली. बशी कधीच कोरडी झाली होती.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

जोनी घरी आली होती. बसली नाही. म्हणाली, मर्ल उद्या येणार म्हणून हटून बसलाय, त्या पिंजऱ्यासकट. मी त्याला आणणार आहे. एकच मागते तुझ्याकडे, डेल, तो पास टाकू नकोस. मर्लच्या जागी आलेल्या पोराला तान्ही मुलगी आहे.

म्हटलं, डावपेच बाहेरच्या माणसाला सांगता येत नाहीत.

लोरेनने तिच्यासाठी कॉफी ओतली होती. ती तशीच राहिली. जोनी गेल्यावर लोरेन म्हणाली, उद्या मी येणार नाही. इतक्या वर्षांत मी एक सामना चुकवला नाही, पण हा मला बघवणार नाही.

ऐन वेळी माणसं अशी कच खातात. उद्या जिंकल्यावर सगळे येतील गळ्यात पडायला.

रविवार, २५ ऑक्टोबर

काल हरलो. नीट लिहितो.

पहिला अर्धा भाग मी चेंडू पळणाऱ्यांच्या हातात देत राहिलो. कोच खूश. गुण सहा-सहा. पण असा करंडक मिळत नसतो. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांचा बचाव पांगला, मधली जागा उघडी पडली. देवाने उघडून ठेवल्यासारखी. मी डाव सांगितला. मधला पास.

ड्वाइट फॅन, मर्लच्या जागी आलेला. अंगाने घोडा. रिंगण करून उभे होतो तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गवताकडे. पळाला. मध्यावर आला आणि थांबला. नुसता बाजूला झाला, एखाद्याला वाट द्यावी तसा. चेंडू वरून निवांत खाली आला. समोरच्या पोराने तो उभ्या उभ्या असा घेतला, जसं झाडाखालून जाताना पडतं सफरचंद हातात घ्यावं.

तो तसाच पळत सुटला आणि त्यांना आणखी सात गुण मिळाले.

कोच कडेने माझं नाव घेऊन ओरडत होता. लक्ष दिलं नाही. म्हटलं, पोरगं बावरलंय, पुन्हा संधी द्यावी. पुन्हा तोच डाव. पुन्हा ड्वाइट मध्यावर आला आणि बाजूला झाला. पुन्हा चेंडू त्यांच्याकडे.

बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर कोचला म्हटलं, विचार याला, हा का थांबतोय? कोचने विचारलं. ड्वाइट म्हणाला, कोच, तुम्ही सांगाल तिथे मी डोकं घालीन, पण हे फेकणार असतील तर मी मधून जाणार नाही. मला हवं तर काढून टाका.

मला वाटलं, आता कोच त्याला फाडून खाणार. कोच म्हणाला, बरं. मग माझ्याकडे वळला. हळू बोलला, तेवढंच लागलं. म्हणाला, बस आता, डेल.

माझ्या जागी त्याने किक मारणारा पाठवला. किक मारणारा! ज्याने जन्मात चेंडू फेकला नाही. त्याने तो एकदाही फेकला नाही, नुसता पळणाऱ्यांच्या हातात देत राहिला, आणि आम्ही वीस-सहा हरलो. संपल्यावर आमची पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. हरून.

पण एक गोष्ट लिहून ठेवलीच पाहिजे. मी बाहेर चालत निघालो तेव्हा मर्लने सुरुवात केली. एकच हात चालतो, म्हणून पुढ्यातल्या कठड्यावर तळवा आपटत होता. मग शेजारचे उठले, मग सगळा स्टँड. समोरच्या गावाचे लोकसुद्धा. उभे राहून टाळ्या. मी बाकापर्यंत पोहोचलो तरी थांबेनात. मी हेल्मेट काढून हात हलवला. टाळ्या वाढल्या. पुन्हा हलवला.

गावाने निकाल दिला. कोचने आता काय तो विचार करावा.

सोमवार, २६ ऑक्टोबर

लोरेन शनिवारी आली होती. आज कळलं. आत आली नाही, कुंपणापाशी बाहेर उभी होती.

म्हटलं, मग टाळ्या ऐकल्यास ना? म्हणाली, ऐकल्या. म्हटलं, लोक विसरलेले नाहीत. ती कांदा चिरत होती. थांबली. म्हणाली, डेल, लागलेला माणूस उठून आपल्या पायांनी बाहेर चालत जातो, तेव्हा वाजवतात तशा टाळ्या होत्या त्या. प्रत्येक मैदानावर वाजवतात. तूच कितीदा वाजवल्या आहेस.

म्हटलं, पण मला कुठे काय लागलं होतं?

तिने सुरी ठेवली, माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि नुसती उभी राहिली.

दुकानात गेलो नाही. दुपारभर अंगणाच्या पायरीवर बसलो.

दोनदा हात हलवला मी.